पुण्याची सनद, हेगचा निवाडा आणि आंतरराष्ट्रीय विद्येची पदवी

'पुण्याचा तह' म्हणजे कोणता, असा प्रश्न एखाद्या जाणत्या वाचकास केला, तर तो उलट विचारील कीं, कोणत्या सालचा? १७७९ च्या डिसेंबरांत पेशवे व पोर्तुगीज यांच्यामध्यें झालेला एक. १८१७ च्या जूनमध्यें एल्फिन्स्टननें दुसऱ्या बाजीरावाच्या गळीं उतरविलेला दुसरा. १९३२ चा 'पुणें करार' हा तर निराळ्याच जातीचा. गेल्या पावसाळ्यांत आंतरराष्ट्रीय संबंध हा विषय घेऊन पदवीच्या तिसऱ्या वर्षांत शिकणारा एक तरुण आमच्याकडे आला होता. हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या १९६० च्या एका निवाड्यावर त्याला निबंध लिहावयाचा होता, आणि त्या निवाड्यांत 'पुण्याचा तह' असा उल्लेख आढळल्यावरून तो १९३२ च्या करारावरचीं पुस्तकें चाळून आला होता. आम्ही हंसलों, हें कबूल केलें पाहिजे. तो गेल्यावर आम्हीं आमच्या लहानशा संग्रहाची यादी काढून पाहिली. पोर्तुगीजांकडील म्हणून जे कागद आम्हीं मोठ्या हौसेनें जमविले, त्यांच्या टिपणांत वकिलांचीं नांवें, कारकुनांचे शेरे, कागदाची लांबीरुंदी, सर्व कांहीं होतें. या कागदांच्या जातभाईंवर एका जागतिक न्यायसभेंत वाद झाला, याची मात्र एका ओळीचीहि नोंद नव्हती. तेव्हां हंसण्याचा अधिकार आम्हांस फारसा नव्हता.

प्रस्तुत लेखांत या दोन अज्ञानांचा एकत्र विचार करावयाचा आहे.

विषय म्हणून आंतरराष्ट्रीय विद्या तशी नवीच. पहिल्या महायुद्धानंतर १९१९ सालीं वेल्समधील ॲबरिस्टविथ येथें आंतरराष्ट्रीय राजकारणाचें पहिलें अध्यासन निघालें. भारतांत १९५५ सालीं दिल्लीस 'इंडियन स्कूल ऑफ इंटरनॅशनल स्टडीज' ही संस्था स्थापन झाली व १९७० सालीं ती जवाहरलाल नेहरू विद्यापीठांत विलीन झाली. हे उद्योग वरच्या पदवीचे व संशोधनाचे होते. बारावी उतरलेल्या मुलामुलींनीं पहिल्या पदवीलाच हा विषय घ्यावा, ही कल्पना आपल्याकडे बरीच अलीकडची. पुण्यास फ्लेम विद्यापीठांत 'आंतरराष्ट्रीय अभ्यास' हा पदवीचा मुख्य विषय म्हणून घेतां येतो. इतर ठिकाणीं राज्यशास्त्र, इतिहास वा परकी भाषा यांच्या जोडीनें त्याचा अभ्यास होतो. परकी भाषांची परंपरा तर या शहरांत जुनी आहे. रानडे इन्स्टिट्यूटच्या आवारांत फ्रेंच, जर्मन, जपानी शिकून कित्येक पिढ्या बाहेर पडल्या. येथें कोणा एका संस्थेच्या पाठ्यक्रमाचें परीक्षण करावयाचें नाहीं. अशा पदव्यांची जी सर्वसाधारण घडण आज दिसते, तिच्याविषयींच आम्ही बोलत आहों.

ही घडण अशी. आरंभ १६४८ च्या वेस्टफालियाच्या तहापासून. मग १८१५ ची व्हिएन्नाची परिषद, राष्ट्रसंघ, १९४५ ची संयुक्त राष्ट्रसंघटना. त्याबरोबर वास्तववादी, उदारमतवादी इत्यादि पंथांचीं मतें. संस्कृतीच्या भागांत एकेका खंडाचा धर्म, कला, चालीरीति यांचा संक्षेप. यांपैकीं एकहि गोष्ट अनावश्यक नाहीं, आणि 'सर्व परकी तें टाकून द्यावें' असें म्हणणारांपैकीं आम्ही नव्हे. वेस्टफालिया ज्यास ठाऊक नाहीं त्यास सालबाईहि नीट कळणार नाहीं. तथापि या सगळ्या मांडणीच्या बुडाशीं एक गृहीत आहे. तें असें कीं, जग हें बाहेर आहे. तें विमानानें अथवा पुस्तकानें पुण्यास येतें, आणि विद्यार्थ्यानें तें येथें बसून पाहावयाचें. पुणें हें स्वतः एके काळीं परराष्ट्रांचे वकील, तहनामे आणि जाबसाल यांचें ठाणें होतें, हें या विद्येच्या हिशेबींच नाहीं. हें गृहीत किती फसवें आहे, तें त्या तरुणाच्याच निवाड्यावरून दाखवितां येतें.

प्रकरण थोडक्यांत सांगतों. दादरा व नगर हवेली हा मुलूख दमणच्या पूर्वेस, चोहोंकडून भारतीय हद्दीनें वेढलेला. १९५४ च्या जुलै-ऑगस्टांत तेथील पोर्तुगीज अंमल उठला. त्या मोहिमेंत पुण्यामुंबईकडील कोण कोण मंडळी होती याची यादी देण्याचें कारण नाहीं, सुधीर फडके यांचें नांव घेतलें म्हणजे पुरे. दमणहून त्या मुलखांत जाण्याची वाट भारत सरकारनें बंद केली, म्हणून पोर्तुगालनें २२ डिसेंबर १९५५ रोजीं हेग येथें फिर्याद लावली. भारताच्या बाजूनें मोतीलाल सेटलवाड उभे होते. न्यायाधीशांच्या पंक्तींत भारतानें नेमलेले महमदअली करीम छागला होते. निवाडा १२ एप्रिल १९६० रोजीं झाला.

पोर्तुगालचें म्हणणें असें कीं, १७ डिसेंबर १७७९ चा पुण्याचा तह आणि त्याला अनुसरून १७८३ व १७८५ मध्यें दिलेल्या सनदा यांनीं मराठ्यांनीं हीं गांवें आम्हांस सार्वभौम हक्कानें दिलीं, आणि मुलूख दिला त्याअर्थीं तेथें जाण्यायेण्याची वाटहि दिली. प्रसंग वाचकांस ठाऊकच आहे. त्याच सालच्या जानेवारींत वडगांवास इंग्रजांचा मोड झाला होता, पण युद्ध संपलें नव्हतें. सवाई माधवराव पांच वर्षांचें मूल. कारभार नानांच्या हातीं. इंग्रजांशीं झुंज चालू असतां गोवेकर फिरंगी शत्रूस मिळूं नये एवढ्यासाठीं त्याशीं सलोखा हवा होता. पोर्तुगीजांच्या वतीनें पुण्यास जाबसाल करणारे नारायण विठ्ठल धुमे हे गोव्याकडील ब्राह्मण गृहस्थ. म्हणजे तहाच्या दोन्ही अंगांस मराठी समजणारीं माणसें होतीं. 'दोन संस्कृतींची गांठ' म्हणून जो धडा शिकवितात, त्यास याहून चांगलें उदाहरण आम्हांस सुचत नाहीं.

तहाचें सतरावें कलम वादाचें होतें. न्यायालयापुढें त्या कलमाचे निरनिराळे पाठ आले. ते तपासून न्यायालयानें सांगितलें कीं, या शब्दांवरून गांवांचें स्वामित्व देण्याचा हेतु होता असा निष्कर्ष काढतां येत नाहीं. पुढें न्यायालयानें मराठ्यांचे इतर तह पाहिले. जेथें मुलूख कायमचा तोडून द्यावयाचा होता तेथें मराठ्यांनीं तसे स्पष्ट शब्द घातले आहेत. येथें ते नाहींत. सनदांतील शब्द पाहतां दिलें तें वर्षास बारा हजार रुपयांच्या उत्पन्नाचा सरंजाम वा जहागीर, एवढेंच. अशी देणगी हिंदुस्थानांत सर्रास असे, आणि तिचा अर्थ राज्य तोडून देणें असा कोणीं केल्याचें एकहि उदाहरण न्यायालयापुढें आलें नाहीं.

येथें वाचकांनीं क्षणभर थांबावें. पाठभेद जुळविणें, एका कागदांतील शब्द त्याच दप्तरांतील दुसऱ्या कागदांशीं ताडून पाहणें, पारिभाषिक शब्दाचा अर्थ कोशावरून न घेता व्यवहारावरून ठरविणें, हा आपला नित्याचा उद्योग. तो उद्योग येथें जगांतील निवडक न्यायाधीशांनीं केला आणि त्यावर दोन राष्ट्रांचा वाद अंशतः ठरविला. त्यांतील एक युक्तिवाद तर आमच्या मतें फार सुंदर आहे. पोर्तुगालचे वकील म्हणाले, सनदेंत गांवांतील बंड मोडण्याचा अधिकार दिला आहे, हें स्वामित्वाचें चिन्ह नव्हे काय? न्यायालयानें तेंच वाक्य उलट फिरविलें. जो स्वतःच्या राज्यांत धनी, त्याला स्वतःच्या राज्यांतलें बंड मोडण्याची परवानगी दुसऱ्यानें कशाला द्यावी? परवानगी दिली, यावरूनच दिसतें कीं, इतर सरंजामदारांप्रमाणें तो अधिकार धन्याच्या वतीनें चालवावयाचा होता. ज्यानें पेशवाईंतील दहा सनदा वाचल्या असतील त्याला हा अर्थ पहिल्या वाचनांतच लागेल. ज्यानें वाचल्या नसतील त्याला तो वकिली कावा वाटेल. आमच्या तरुण मित्रास तसाच वाटला होता.

दुसरीहि एक गोष्ट न्यायालयानें सांगितली, ती आपल्यांतील कित्येकांस रुचणारी नाहीं. हा तह रीतसर झालाच नाहीं, मराठ्यांवर तो कायद्यानें बंधनकारक नव्हता, असा आक्षेप भारताच्या बाजूनें घेण्यांत आला होता. न्यायालयानें तो मानला नाहीं. अठराव्या शतकाच्या अखेरच्या चरणांतील तह पुढें हळूहळू रूढ झालेल्या रीतीवरून तपासूं नये. मराठ्यांनीं स्वतः तो तह खरा मानून पाळला, पुढच्या सनदांत त्याविषयीं शंकेचा शब्द नाहीं, एवढें पुरे, असें न्यायालयानें ठरविलें. आम्हांस हा न्याय इतिहासाच्या दृष्टीनें निर्दोष वाटतो. आपल्या सोयीचा कागद अस्सल आणि गैरसोयीचा बनावट, असें म्हणण्याची जी खोड संग्राहकांस कधीं कधीं जडते, तीवर हा चांगला उतारा आहे.

निवाड्यांत दोष नाहीं असें मात्र नव्हे. न्यायालयानें जहागीर व सरंजाम हे शब्द जोडीनें, जणूं एकाच वस्तूचीं दोन नांवें म्हणून वापरले आहेत. मोगली जहागीर आणि मराठी सरंजाम यांत नातें आहे, पण ते एक नव्हेत. सरंजाम हा फौजेच्या वा अन्य चाकरीच्या बेगमीसाठीं लावून दिलेला महसूल; चाकरी हा त्याचा पाया. पोर्तुगीज कोणती चाकरी करीत होते? स्नेह ही चाकरी होऊं शकते काय? इनामाशीं तुलना केली असती तर हा मुद्दा अधिक स्वच्छ झाला असता, कारण वंशपरंपरेनें चालणारें इनाम निराळें आणि धन्याच्या मर्जीवर चालणारा सरंजाम निराळा, हा फरक आपल्या दप्तरांत पानोपानीं आहे. न्यायालयाचा निष्कर्ष यामुळें ढळत नाहीं. उलट बळकटच होतो. पण ज्या शब्दावर सगळा डोलारा उभा, त्याच शब्दाची व्याख्या थोडी सैल राहिली, असें आमचें मत आहे.

आतां आपल्याकडील अज्ञानाविषयीं. इतिहासप्रेमी मंडळींत हें प्रकरण निघालें म्हणजे 'हेगला आपले मोडी कागद चालले आणि खटला जिंकला' असें ऐकूं येतें. हें अर्धेंच खरें. १७७९ चा तह व त्या दोन सनदा यांनीं स्वामित्व दिलें नाहीं असें ठरविल्यावर न्यायालय तेथें थांबलें नाहीं. पुढें त्यानें असें म्हटलें कीं, मराठ्यांच्या जागीं इंग्रज आले तेव्हां त्यांस या गांवांवर पोर्तुगीजांचा पूर्ण अंमल आढळला. इंग्रजांनीं तो तसाच राहूं दिला, स्वतः मराठ्यांचे वारस म्हणून त्या गांवांवर हक्क सांगितला नाहीं, आणि पोर्तुगीज मात्र स्वतःस धनी म्हणवीत राहिले. यावरून इंग्रजांनीं वस्तुतः व अर्थतः पोर्तुगीजांचें स्वामित्व मानलें आणि पुढें भारतानेंहि तें मुकाट्यानें मानलें. म्हणजे सनदेनें जें दिलें नाहीं तें पुढच्या शंभर-सवाशें वर्षांच्या मौनानें दिलें! १९५४ सालीं पोर्तुगालला खाजगी माणसें, मुलकी अधिकारी व साधारण माल यांच्यापुरता वाटेचा हक्क होता, हें न्यायालयानें अकरा विरुद्ध चार मतांनीं ठरविलें. फौज, हत्यारबंद पोलीस, शस्त्रें व दारूगोळा यांना तो हक्क नव्हता, हें आठ विरुद्ध सात अशा काठावरच्या बहुमतानें. आणि भारतानें आपलें कर्तव्य मोडलें नाहीं, हें नऊ विरुद्ध सहा मतांनीं. केवळ मोडी वाचणारा येथें जितका चुकेल तितकाच केवळ वेस्टफालिया शिकलेला चुकेल. एकाला सनद दिसते पण मौनाचा कायदा ठाऊक नाहीं. दुसऱ्याला मौनाचा कायदा पाठ आहे पण सनद दिसत नाहीं.

यावर कोणी म्हणेल कीं, आजच्या पदव्यांत भारतीय विचार येतोच. येतो, आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर 'भारतीय ज्ञानपरंपरा' या सदराखालीं तो अधिक येऊं लागला आहे. पण येतो तो बहुधा एकटा कौटिल्य. त्याच्या मंडलाचें वर्तुळ फळ्यावर काढलें कीं भारतीय परराष्ट्रनीति संपली. कौटिल्याचा अनादर करण्याचा आमचा हेतु नाहीं; उलट संग्राहकांनीं अभिमान बाळगावा असें त्याचें उदाहरण आहे. १९०५ सालीं तंजावराकडील एका पंडितानें म्हैसूरच्या सरकारी प्राच्य ग्रंथालयांत एक ताडपत्राची पोथी आणून दिली नसती, ग्रंथपाल शामशास्त्री यांनीं ती ओळखून १९०९ सालीं छापली नसती आणि १९१५ सालीं तिचें इंग्रजी भाषांतर केलें नसतें, तर आज एकाहि पाठ्यक्रमांत अर्थशास्त्राचें नांव दिसलें नसतें. बस्त्यांतून निघालेली पोथी दहा वर्षांत जगाच्या अभ्यासांत गेली.

मग रामचंद्रपंत अमात्यांचें आज्ञापत्र कां गेलें नाहीं? तेंहि राजनीतीवरचें. त्याचेंहि इंग्रजी भाषांतर श्री. पुणतांबेकर यांनीं १९२९ सालींच केलें. केवळ भाषांतर पुरत नाहीं, असा याचा अर्थ. आज्ञापत्राची स्तुति आपण इतकी केली कीं त्याची परीक्षा करणें राहून गेलें. त्यांतील टोपीकरांचें प्रकरण घ्या. फिरंगी, इंग्रज, वलंदेज, फरांसीस, डिंगमार हे साहुकार खरे, पण इतर साहुकारांसारखे नव्हेत. त्यांच्या पाठीशीं राजे आहेत, आणि राजांस भूमीचा लोभ नसेल असें कसें होईल, असा अमात्यांचा मुद्दा. म्हणून त्यांस समुद्रकिनारीं वा खाडीच्या मुखाशीं जागा देऊं नये. देणेंच पडलें तर राजापुरासारख्या आंतल्या ठिकाणीं, सखल भागीं, मोठ्या गांवांच्या मधोमध द्यावी. पक्कीं घरें बांधूं देऊं नयेत. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकांत हें लिहिलें गेलें. आपल्याकडे याला भविष्यवाणी म्हणण्याची चाल पडली आहे, आणि तेथेंच विचार खुंटतो. भविष्यवाणीवर प्रश्न विचारतां येत नाहींत.

विद्यार्थ्यापुढें हें प्रकरण ठेवतांना प्रश्नच विचारले पाहिजेत. अमात्यांनीं व्यापारी आणि राज्य यांचें नातें ओळखलें, ही त्यांची थोरवी. पण इंग्रजांचा व्यापार राजा चालवीत नव्हता, भागीदारांची एक कंपनी चालवीत होती, आणि पुढें त्या कंपनीनेंच राज्य केलें. हा भेद आज्ञापत्रांत नाहीं. तसेंच सगळा बंदोबस्त समुद्राच्या बाजूनें आहे. तोफा, आरमार, किनाऱ्यावरचा किल्ला, यांची धास्ती. प्रत्यक्षांत १७८६ सालीं चार्ल्स मॅलेट रेसिडेंट म्हणून पुण्यास आला आणि संगमावर राहिला, तेव्हां तो समुद्रापासून पुष्कळ आंत, मोठ्या शहराच्या लगत, म्हणजे अमात्यांच्या नियमाच्या बऱ्याच जवळ राहत होता! तेथून त्याला तोफा लागल्या नाहींत. बातमी व कागद एवढ्यावर काम भागलें. १८०२ च्या अखेरीस वसईस जें झालें त्याची पूर्वतयारी त्या जागेंत बसून झाली, हें 'पूना रेसिडेन्सी करस्पॉण्डन्स' चे खंड चाळणारास सांगावयास नको. अमात्यांचा सिद्धांत कोठें खरा ठरला व कोठें अपुरा पडला, याचा हिशेब मांडला तरच आज्ञापत्र वर्गांत जाईल. पूजा केली तर तें देवघरांत राहील.

संस्कृतीच्या भागाविषयीं एवढेंच लिहितों. राघोबादादांनीं विलायतेस पाठविलेले हणमंतराव नांवाचे ब्राह्मण वकील आणि त्यांच्या बरोबरचे पारशी गृहस्थ मणियार १७८१ सालीं लंडनमध्यें होते. एडमंड बर्कनें त्यांस बीकन्सफील्ड येथील आपल्या घरीं नेलें आणि त्यांचा स्वयंपाक सोवळ्यानें व्हावा म्हणून निराळी जागा मोकळी करून दिली. पुढें हेस्टिंग्जवर खटला उभारणारा हाच बर्क. चालीरीतींच्या संक्षेपाऐवजीं हा एक प्रसंग दोन्ही बाजूंच्या कागदांवरून महिनाभर शिकविला, तर परक्याच्या घरीं पाहुणा होणें म्हणजे काय आणि परक्यास पाहुणा करणें म्हणजे काय, हें मुलांस कळेल.

परंतु हें शिकवावें कशावरून? येथें दोषाचा मोठा वांटा आमच्याकडे येतो. गणेश चिमणाजी वाड यांनीं निवडलेले तह, करारमदार व सनदा पुरुषोत्तम विश्राम मावजी व दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनीं १९१४ सालीं छापले. गोविंद सखाराम सरदेसाई यांचे पेशवे दप्तराचे पंचेचाळीस खंड १९३० ते १९३४ या अल्पकाळांत बाहेर पडले. पांडुरंग सखाराम पिसुर्लेकरांचें 'पोर्तुगेज-मराठे संबंध' तर पुणें विद्यापीठानेंच १९६७ सालीं प्रसिद्ध केलें. ज्या शहरांत आज आंतरराष्ट्रीय विद्या शिकवितात, त्याच शहरांत! सामग्री कमी नाहीं. पण ती उघडून एकोणीस वर्षांच्या मुलापुढें ठेवा. मथळ्यावर 'समानीन मया व अलफ' असें आहे. हें सुहूर सन ११८० असून त्यांत ५९९ वा ६०० मिळवावे लागतात, मृगापासून वर्ष धरावें लागतें, हें त्याला कोण सांगणार? आमच्यासाठीं हें बाळबोध आहे, म्हणून आम्हीं तें कोठेंच छापलें नाहीं, आणि छापलें तेथें दहा खंडांपूर्वीच्या प्रस्तावनेंत. शब्दांचे अर्थ नाहींत, व्यक्तींची ओळख नाहीं, एका प्रकरणाचे मराठी, पोर्तुगीज व इंग्रजी कागद शेजारीं शेजारीं कोठें नाहींत. आपण एकमेकांसाठीं छापीत आलों. वाचणारे उणे होत गेले तेव्हां तरुणांस दोष दिला.

चार वर्षांच्या पदवींत चौथें वर्ष संशोधनासाठीं ठेवण्याची सोय आतां झाली आहे. हे विद्यार्थी फ्रेंच वा जर्मन शिकतातच. मोडी लिपि त्याहून पुष्कळ कमी दिवसांत येते. आमची सूचना अगदीं लहान आहे. पोथ्यांची नवी मालिका नको, पंचेचाळीसावर सेहेचाळीसावा खंड नको. एकच पुस्तक असावें, दीडशें पानांचें: सतराव्या कलमाचे उपलब्ध पाठ, दोन सनदा, तुलनेसाठीं सालबाई व वसई येथील तहांतील मुलूख तोडून देणारीं कलमें, शब्दार्थ, सनावळी, आणि शेवटीं हेगच्या निवाड्याचा संबंधित भाग मराठींत. मोडीचें छायाचित्र डावीकडे, बाळबोध उजवीकडे. ज्या संग्राहकांजवळ १७७९ ते १७८५ या सालांतील पोर्तुगीजांकडील कागद असतील, त्यांनीं अस्सल देऊं नयेत, नकला द्याव्या.

तो तरुण दिवाळीनंतर पुन्हां आला. तोंपर्यंत त्याला मोडी अडखळत का होईना वाचतां येऊं लागली होती. त्यानें विचारलें कीं, सरंजामदार बंड मोडतो तें धन्याच्या वतीनें, हें कबूल. मग १८१८ नंतर धनीच उरला नाहीं, तेव्हां हीं गांवें पोर्तुगीज कोणाच्या वतीनें सांभाळीत होते? इंग्रजांच्या कलेक्टरानें त्यांस कधीं विचारलें काय? गांवच्या पाटलानें कोणास कधीं अर्ज केला काय? सगळा निवाडा ज्या मौनावर उभा आहे, तें मौन खरोखर होतें काय?

आमच्याजवळ उत्तर नव्हतें. आमच्या संग्रहाची यादी १८१८ सालीं संपते; पेशवाई बुडाली तेथें आमची जिज्ञासाहि बुडाली होती. माडीवर एका पेटींत त्यानंतरचे कांहीं रुमाल आहेत, उत्तर कोंकणांतील एका घराण्याकडून इतर कागदांबरोबर आलेले. ते दोघांनीं मिळून खालीं आणले. वरच्या रुमालास वीस वर्षांपूर्वीं आमच्याच हातानें बांधलेली चिठ्ठी अजून आहे: 'कंपनी सरकारचे वेळचे. निरुपयोगी.'